देवाचे राज्य मेल्यानंतरचे की जिवंतपणीचे?

आमच्या वस्तीत दर रविवारी अभ्यासवर्ग चालतो. मागे एकदा एका तरुण कार्यकर्त्याने तिथे विषय काढला. त्याच्या शेजारचे एक कुटुंब हल्ली प्रार्थनेला जाऊ लागले आहे. तो म्हणाला, "ते सारखे सांगतात, देवाचे राज्य जवळ आले आहे. म्हणजे मेल्यावर स्वर्ग, एवढेच ना? मग वैकुंठात आणि त्यात फरक काय?" वर्गात हशा पिकला. खोटे कशाला सांगावे, आम्हीही हसलो.

पण हसून प्रश्न सुटत नाही. जोतीराव फुले त्या वर्गात असते, तर ते हसले नसते. 1873 सालच्या 'गुलामगिरी'त जोतीरावांनी येशू ख्रिस्ताला बळीराजाच्या रांगेत बसवले आहे. दसरा-दिवाळीला आपल्या आया-आज्या ओवाळताना म्हणत आल्या, "इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो." आणि ख्रिस्ती माणूस रोजच्या प्रार्थनेत देवाचे राज्य येऊ दे अशी मागणी करतो. या दोन मागण्यांतले नाते जोतीरावांना दिसले होते. अवतारांची आणि पुराणांची एवढी चिरफाड करणाऱ्या माणसाला गालीलच्या एका सुताराच्या मुलात बळीराजा का दिसावा? याचे उत्तर 'देवाचे राज्य' या शब्दाच्या इतिहासात आहे. तो इतिहास आंबेडकरी तरुणांनी वाचला पाहिजे, कारण त्यात आपल्यासाठीही एक इशारा आहे.

राज्य म्हणजे जागा नव्हे, सत्ता

आधी शब्दाचा घोळ मिटवू. येशूची बोली अरामी होती. त्या भाषेतल्या 'मल्कूता' या शब्दाचा मुख्य अर्थ राज्याचा प्रदेश असा नाही, राज्य करणे असा आहे. म्हणजे प्रश्न 'देवाचा मुलूख कुठे आहे' हा नसून 'इथे हुकूम कोणाचा चालतो' हा आहे. शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली तेव्हा त्यासाठी 'बासिलेया' हा शब्द आला. राजसत्तेसाठी लोक नेहमी वापरत तोच हा शब्द.

मग स्वर्ग कुठून आला? मत्तयच्या शुभवर्तमानात बहुतेक ठिकाणी 'स्वर्गाचे राज्य' असा शब्दप्रयोग आहे. मार्क आणि लूक त्याच वचनांत 'देवाचे राज्य' म्हणतात. याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण असे की, धार्मिक यहुदी माणूस देवाचे नाव थेट तोंडावर घेणे टाळत असे आणि त्याऐवजी 'स्वर्ग' म्हणत असे. नाव टाळण्याची ती एक रीत होती. पुढे लोकांनी तिचा पत्ता केला आणि राज्य आकाशात गेले. आपल्याकडे तर 'स्वर्ग' म्हटले की इंद्राचा दरबारच डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे मराठी कानाला हा शब्द आणखीच फसवतो.

आता तो काळ पाहा. इ.स.पूर्व 63 मध्ये रोमन सेनापती पाँपेने यरुशलेम घेतले आणि तो सगळा मुलूख रोमच्या टाचेखाली आला. रोमच्या मर्जीतला राजा हेरोद इ.स.पूर्व 4 मध्ये मेला, तेव्हा ठिकठिकाणी बंडे झाली. सेप्फोरिस हे शहर नासरेथपासून पायी दीड-दोन तासांवर. तिथले शस्त्रागार बंडखोरांनी लुटले. जोसेफस हा त्या काळाचा यहुदी इतिहासकार. रोमन सरदार वारुसने ते शहर जाळले आणि देशभरातल्या सुमारे 2000 बंडखोरांना क्रुसावर चढवले, असे तो लिहितो. इ.स. 6 मध्ये करवसुलीसाठी रोमने यहुदियात शिरगणती लावली, तेव्हा गालीलकर यहूदा नावाच्या माणसाने पुन्हा बंड उभारले. देवाखेरीज आमचा कोणी धनी नाही, ही त्याची शिकवण होती. येशू तेव्हा लहान होता. ज्या मातीत तो वाढला, तिथे 'देवाचे राज्य' हे शब्द ऐकताच रोमच्या अधिकाऱ्याचे कान टवकारत असणार.

त्यातच रोमचा सम्राट ऑगस्टस स्वतःला 'देवाचा पुत्र' म्हणवत होता. आजच्या तुर्कस्तानातल्या प्रिएने या गावच्या, इ.स.पूर्व 9 मधल्या शिलालेखात त्याच्या जन्मदिवसाला जगासाठीच्या 'शुभवर्तमानां'ची सुरुवात म्हटले आहे. म्हणजे देवाचा पुत्र, शुभवर्तमान, राज्य हे सगळे सरकारी शब्द होते. येशूच्या माणसांनी ते सम्राटाच्या हातून काढून एका सुताराच्या मुलाला दिले. पंतय पिलाताने त्याला जी शिक्षा दिली ती गुलामांना आणि बंडखोरांना देण्याची शिक्षा होती. त्याच्या क्रुसावर लावलेल्या पाटीवर 'यहुद्यांचा राजा' असे लिहिले होते. मेल्यानंतरच्या स्वर्गाची कथा सांगणाऱ्या बुवाला कुठलेही साम्राज्य असे मारत नाही.

भाकर, कर्ज आणि मजुरी

या राज्यात काय होणार होते? येशूने शिकवलेल्या प्रार्थनेचा क्रम पाहा. देवाचे राज्य यावे आणि त्याची इच्छा स्वर्गात चालते तशी पृथ्वीवर चालावी, ही मागणी सुरुवातीलाच येते. लगेच पुढे रोजची भाकर आणि त्यानंतर कर्जमाफी. हो, कर्जमाफीच. मत्तयच्या मूळ ग्रीक पाठात तिथे 'ऋण' याच अर्थाचा शब्द आहे आणि मराठी बायबलनेही तो 'ऋण' असाच ठेवला आहे. लूकमध्ये त्या जागी 'पाप' आले. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या तोंडी ही प्रार्थना घालून बघा, म्हणजे तिचा अर्थ कळेल.

याच्यामागे जुना कायदा होता. लेवीय या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात दर पन्नासाव्या वर्षी विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाला परत द्यावी आणि कर्जापायी बंधक झालेल्यांना मोकळे करावे, असा नियम आहे. तो किती पाळला गेला हा वेगळा प्रश्न. पण गरिबांच्या आठवणीत तो जिवंत होता. लूक सांगतो की येशूने नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचा लेख उघडून गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका आणि देवाला मान्य असे वर्ष आल्याचे वाचले आणि हे आज पूर्ण होत आहे, असे सांगितले. 'आज' हा शब्द महत्त्वाचा आहे.

मत्तयच्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट तर आपल्या कामगार नाक्यावरची वाटावी अशी आहे. मळ्याचा मालक पहाटे मजूर नेतो, नंतर दुपारी नेतो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असतानाही नेतो. शेवटच्यांना तो विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार मिळतो. दिवसभर राबलेले कुरकुर करतात. आरक्षणाविरुद्धची कुरकूर ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. कोणी कामावर घेतलेच नाही, हा त्या माणसाचा दोष नव्हता. देवाचे राज्य असे असते, असे येशू म्हणतो.

येशू समाजशास्त्रज्ञ होता किंवा त्याने समतेची राज्यघटना लिहिली, असा आमचा दावा नाही. अल्बर्ट श्वाइट्झर यांच्यासारख्या अभ्यासकाने 1906 मध्ये दाखवून दिले की, येशू जगाच्या अंताची वाट पाहणारा माणूस होता. देव लवकरच स्वतः हात घालील, अशी त्याची श्रद्धा होती. तसे झाले नाही. पण त्याची आशा या जगाकडे पाहत होती, हे मात्र नाकारता येत नाही.

सम्राटाच्या पंगतीत

पुढची तीनशे वर्षे अधूनमधून छळ सोसणारा हा पंथ इ.स. 313 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात राजमान्य झाला. इ.स. 325 मध्ये सम्राटाने निकिया येथे बिशपांची परिषद भरवली आणि आपल्या राज्यारोहणाच्या विसाव्या वर्षानिमित्त त्यांना मेजवानी दिली. युसेबियस या बिशपने त्याचे वर्णन करून ठेवले आहे. उपसलेल्या तलवारींच्या पहाऱ्यातून बिशप निर्भयपणे आत गेले आणि सम्राटासोबत जेवले. हे ख्रिस्ताच्या राज्याचेच चित्र आहे की काय, असे युसेबियसला वाटले.

ज्या साम्राज्याने येशूला क्रुसावर चढवले, त्याच साम्राज्याच्या पंगतीत तीनशे वर्षांनी देवाचे राज्य दिसू लागले! इ.स. 380 मध्ये सम्राट थिओडोसियसने ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म केला. इ.स. 413 ते 426 या काळात ऑगस्टीनने 'देवाचे नगर' हा प्रचंड ग्रंथ लिहिला. संतांचे हजार वर्षांचे राज्य भविष्यात यायचे नसून ते चर्चच्या रूपाने आताच सुरू आहे, असा अर्थ त्यात लावला गेला. याच ग्रंथात गुलामगिरी हे पापाचे फळ आहे असेही म्हटले आहे. गुलाम आपल्या किंवा आदिमानवाच्या पापाने गुलाम झाला, आणि अस्पृश्य आपल्या पूर्वकर्माने अस्पृश्य झाला. दोन भिन्न धर्म, दोन भिन्न तत्त्वज्ञाने, पण खाली दबलेल्याला दिलेले उत्तर एकच!

1525 चा हिशेब

दबलेल्यांनी मात्र मूळ अर्थ सोडला नाही. 1525 च्या मार्चमध्ये जर्मनीतल्या मेमिंगेन गावी शेतकऱ्यांनी बारा मागण्यांचा जाहीरनामा काढला. त्यातली तिसरी मागणी अशी की, ख्रिस्ताने सर्वांना सारखेच मुक्त केले असताना आम्हाला कोणाची मालमत्ता म्हणून का ठेवता? वेठबिगार, जंगल, शिकार, खंड यांचा हिशेब त्यांनी बायबलचे दाखले देऊन मागितला. टॉमस म्युन्त्झर हा धर्मोपदेशक त्यांच्या बाजूने उभा राहिला.

पोपशी झुंजलेला मार्टिन ल्यूथर कोणाच्या बाजूने गेला? ख्रिस्ताचे आत्मिक राज्य तुम्ही ऐहिक करू पाहता, असे त्याने शेतकऱ्यांना सुनावले. गुलामही ख्रिस्ती असू शकतो आणि त्याचे स्वातंत्र्य आत्म्याचे असते, असा त्याचा युक्तिवाद होता. बंड पेटल्यावर तर त्याने शेतकऱ्यांना कापून काढा असे सरदारांना लिहिले. 15 मे 1525 रोजी फ्रँकेनहाउझेन येथे हजारो शेतकऱ्यांची कत्तल झाली आणि 27 मे रोजी म्युन्त्झरचे डोके उडवले गेले. त्या सबंध युद्धात मारल्या गेलेल्या शेतकऱ्यांचा आकडा लाखाच्या घरात असावा, असा अंदाज सांगितला जातो. धर्मातली क्रांती शेताच्या बांधापर्यंत आली की धर्मसुधारकही बिचकतात. आपल्याकडच्या सुधारकांचा इतिहास आठवा, म्हणजे याचे नवल वाटणार नाही.

गोऱ्या मळेवाल्यांनी तर त्याहून सोपा मार्ग काढला. 1807 मध्ये वेस्ट इंडीजमधल्या काळ्या गुलामांसाठी लंडनमध्ये एक निवडक बायबल छापले गेले. मिसरच्या गुलामगिरीतून लोक सुटले, त्या कथेचा मुख्य भाग त्यातून गाळला होता. धन्याची आज्ञा पाळा हा उपदेश मात्र शाबूत होता. तरीही अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी ती सुटकेची कथा गाण्यांतून जपली. त्यांच्याच चर्चमधून पुढे मार्टिन ल्यूथर किंग उभे राहिले. लॅटिन अमेरिकेत पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुटिएरेझ यांनी 1971 मध्ये मुक्तीचे धर्मशास्त्र मांडले. एल साल्वादोरमध्ये गरिबांची बाजू घेणारे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना 24 मार्च 1980 रोजी वेदीपाशी गोळी घातली गेली. देवाचे राज्य पृथ्वीवर आणण्याची किंमत विसाव्या शतकातही तीच राहिली.

'आत' की 'मध्ये'?

राज्य आकाशात पाठवण्याइतकीच दुसरी एक पळवाट आहे, ती म्हणजे राज्य काळजात पाठवणे. लूकच्या सतराव्या अध्यायात येशू म्हणतो की देवाचे राज्य तुमच्यात आहे. तिथल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'तुमच्या आत' असाही होतो आणि 'तुमच्यामध्ये', म्हणजे तुम्हा लोकांत, असाही होतो. पहिला अर्थ घेतला तर काम एकेकट्या अंतःकरणाचे होते, आणि दुसरा घेतला तर ते समाजाचे होते.

रशियन लेखक टॉलस्टॉय यांनी पहिला अर्थ उचलून 'देवाचे राज्य तुमच्या आत आहे' हा ग्रंथ 1894 मध्ये प्रसिद्ध केला. ते सरकार, सैन्य आणि सरकारी चर्च यांच्यावर तुटून पडले, हे त्यांचे मोठेपण मान्य करू. दक्षिण आफ्रिकेत हा ग्रंथ वाचून गांधीजी भारावले आणि आत्मचरित्रात त्यांनी तसे लिहिले. पुढे अस्पृश्यतेच्या प्रश्नावर सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाचा जो आग्रह गांधीजींनी धरला, त्याची एक मुळी इथे सापडते असे आम्हाला वाटते. बाबासाहेबांनी हृदयपरिवर्तनाची वाट पाहिली नाही. त्यांनी पाण्याचा हक्क, मताचा हक्क आणि कायद्याचे कलम मागितले.

बाबासाहेबांचा आक्षेप

ख्रिस्ती धर्माविषयी बाबासाहेबांनी उथळ टीका केली नाही. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेला आणि पुढे शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आलेला, धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवरचा त्यांचा लेख जरूर वाचा. मिशनऱ्यांनी शाळा आणि दवाखाने काढले, याची नोंद त्यांनी केली आहे. पण त्यांचा मुख्य आक्षेप समाजशास्त्रीय आहे. माणसाची अवनती मूळ पापामुळे झाली, असे शिकवले की त्या माणसाची नजर भोवतालच्या परिस्थितीवरून हटते. समाजशास्त्र सांगते की माणूस खाली जातो तो वाईट परिस्थितीमुळे. अस्पृश्य माणूस ख्रिस्ती झाल्यावर स्वतःचे पाप शोधू लागला तर व्यवस्थेशी लढणार कोण? आम्ही एम.ए.ला समाजशास्त्र शिकलो, पण एवढ्या थोडक्यात हा मुद्दा आम्हाला कोणी समजावला नव्हता.

1950 च्या 'बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य' या लेखात बाबासाहेबांनी धर्माच्या कसोट्या दिल्या. धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये, ही त्यांतली एक. गरीब ते धन्य या वचनाकडे आपण याच कसोटीने पाहिले पाहिजे. लूकमध्ये येशू सरळ 'गरीब' म्हणतो आणि राज्य तुमचे आहे असे सांगतो. मत्तयमध्ये तेच 'आत्म्याने दीन' असे होते. आमच्या मते लूकचे वचन गरिबीची थोरवी गात नाही, गरिबांचा हक्क सांगते. पण चर्चने शतकानुशतके त्यातून सोशिकपणा शिकवला, म्हणून बाबासाहेबांची कसोटी चर्चच्या वर्मावर बसते.

आणि मूळ फरक राहतोच. हे राज्य आणणार कोण? ख्रिस्ती श्रद्धेत ते देव देतो, आणि त्यात शिरायला येशूला देवाचा पुत्र मानावे लागते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब नेमका हाच भेद दाखवतात. बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे. त्याच ग्रंथात सद्धम्माचे एक कार्य सांगितले आहे, ते म्हणजे जगाला नीतीचे राज्य करणे. ते राज्य पृथ्वीवरच आहे आणि माणसाने आपल्या सदाचरणाने ते गाठायचे आहे. 'राज्य' हा शब्द बाबासाहेबांनी टाकला नाही. त्यांनी तो आकाशातून खाली आणला आणि देवाच्या हातून काढून माणसाच्या हाती दिला.

आता आपला हिशेब

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत. दुसरीकडे, तामिळनाडूत तिरुचिरापल्ली येथे ख्रिस्ती दफनभूमीत जातीची भिंत उभी राहिली. 1981 मध्ये बंगळूरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या, पुढे दलितांच्या, धर्मशास्त्राची हाक दिली ती अशाच भिंतींमुळे. मेल्यावरही ज्याला वेगळ्या बाजूला पुरले जाते, त्याला कोणत्या स्वर्गाच्या राज्याचे आश्वासन देणार?

पण मित्रांनो, बोट दुसऱ्याकडे दाखवून थांबू नका. एका क्रांतिकारक शब्दाचे काय होते ते आपण पाहिले. त्याला मेल्यानंतरच्या जगात ढकलतात, काळजात कोंडतात किंवा राज्यकर्त्याच्या पंगतीत बसवतात. 'प्रबुद्ध भारत' या शब्दाचे आपण काय केले? सहा डिसेंबर आणि चौदा एप्रिलला सत्ताधारी हार घेऊन येतात आणि आपल्यातले काही त्यांच्या शेजारी उभे राहून फोटो काढतात. त्या फोटोत आम्हाला निकियाच्या मेजवानीतले बिशप दिसतात. काही जण बाबासाहेबांनाच मोक्षदाता करून त्यांच्या पुन्हा जन्म घेण्याची वाट पाहतात. काही जण ध्यानात बसून 'आतल्या' शांतीवर समाधान मानतात. तिकडे वस्तीतल्या बाया बचतगटाच्या आणि मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांखाली पिचत आहेत आणि नाक्यावर अकरा वाजेपर्यंत उभे राहूनही पोरांना काम मिळत नाही.

म्हणून त्या तरुण कार्यकर्त्याला आमचे उत्तर असे. शेजारच्या कुटुंबाला हसू नकोस. देवाचे राज्य जवळ आले आहे असे ते म्हणतील तेव्हा विचार, त्या राज्यात भाकर कोणाला मिळणार, कर्ज कोणाचे सुटणार, ज्याला कोणी कामावर घेतले नाही त्याला मजुरी मिळणार का, आणि दफनभूमीतली भिंत पडणार का? हे प्रश्न त्यांच्याच ग्रंथात आहेत. ते त्यांना सापडले तर लढाईत ते आपल्या सोबत येतील. देव मानायचा की नाही, यावर वाद पुढे घालता येईल.

आणि मग तेच प्रश्न येत्या रविवारी आपल्या विहारातही विचार. बळीचे राज्य काय किंवा नीतीचे राज्य काय, ते नुसते 'येवो' म्हणून येत नाही. ते आणावे लागते.

जय भीम!